मुंबई आंदण आणणारी राणी : ब्रागांझाची कॅथरीन

मुंबई बेट पोर्तुगालच्या राजाने इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून दिले, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. गिरगाव, माझगाव, परळ, दादर, माहीम या आपल्या परिचयाच्या धर्मग्रामांचे भवितव्य ज्या विवाहामुळे बदलले, त्या विवाहातील वधू मात्र या एका वाक्याच्या आड झाकली गेली आहे. तिचे नाव कॅथरीन ऑफ ब्रागांझा. पोर्तुगीज भाषेत तिला कातारिना म्हणत. कॅथलिक श्रद्धेकडे संशयाने पाहणाऱ्या देशाची ती जवळजवळ तेवीस वर्षे राणी होती. अपमान, अपत्यहीनता आणि राजद्रोहाचा खोटा आरोप हे सारे तिच्या वाट्याला आले. तरी तिने आपली श्रद्धा सोडली नाही आणि आपल्या पतीचाही त्याग केला नाही. मुंबईच्या भूमीवर तिचे पाऊल कधी पडले नाही. तथापि मुंबईच्या ख्रिस्ती समाजाने तिची ओळख करून घ्यावी, असे तिचे जीवन आहे.

जुने सोयरसंबंध

इंग्लंड आणि पोर्तुगाल या दोन राजघराण्यांचे नाते कॅथरीनच्या जन्माच्या अडीचशे वर्षे आधीपासूनचे होते. चौदाव्या शतकात इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाचा पुत्र जॉन ऑफ गाँट, लँकेस्टरचा ड्यूक, याने आपल्या दुसऱ्या पत्नीच्या हक्काने स्पेनमधील कॅस्टीलच्या सिंहासनावर दावा सांगितला. त्याच कॅस्टीलशी पोर्तुगालचा पहिला जॉन झुंजत होता. १३८६ साली विंडसरचा तह झाला आणि १३८७ साली गाँटची कन्या फिलिपा पोर्तुगालची राणी झाली. पुढे १३९९ साली फिलिपाचा भाऊ हेन्री याने आपला चुलतभाऊ दुसरा रिचर्ड याला पदच्युत करून इंग्लंडचे सिंहासन घेतले. त्यातूनच पंधराव्या शतकात लँकेस्टर आणि यॉर्क या एकाच वंशाच्या दोन शाखांमध्ये गादीसाठी प्रदीर्घ रक्तपात झाला.

इंग्लंडमध्ये त्या घराण्याच्या वाट्याला यादवी आली, पोर्तुगालमध्ये मात्र फिलिपाच्या पुत्रांनी समुद्राची वाट धरली. त्यांपैकी एक म्हणजे ‘नाविक’ म्हणून प्रसिद्ध झालेला राजपुत्र हेन्री. त्याने चालना दिलेल्या सागरी मोहिमांच्या परंपरेतूनच १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईच्या तहान्वये वसई आणि तिच्या अधीन असलेली मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर आपल्या परिसरात चर्च उभी राहू लागली. एका विवाहाची फळे किती दूरवर आणि किती उशिरा दिसतात, याचे हे उदाहरण आहे.

१५८० साली पोर्तुगालची गादी रिकामी झाली तेव्हा तिच्यावर अनेकांनी दावे सांगितले. ब्रागांझाची डचेस कातारिना ही मॅन्युएल राजाची नात होती आणि तिचा हक्क भक्कम मानला जात असे. परंतु सैन्यबळ स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे होते. पुढील साठ वर्षे पोर्तुगाल स्पेनच्या राजांच्या अधिपत्याखाली राहिला. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव झाला आणि त्या डचेसचा नातू चौथा जॉन या नावाने राजा झाला. हा चौथा जॉन म्हणजेच आपल्या चरित्रनायिकेचा पिता.

राजकन्येचे बालपण

कॅथरीनचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ रोजी विला विसोझा येथील राजवाड्यात झाला. तो अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा सणदिन; त्यावरूनच तिचे नाव ठेवले गेले. पिता राजा झाला तेव्हा ती अवघी दोन वर्षांची होती. तिची माता लुईझा दे गुझमान स्पेनच्या थोर घराण्यातील असूनही पोर्तुगालच्या स्वातंत्र्यासाठी खंबीरपणे उभी राहिली. कॅथरीनचे शिक्षण धर्मभगिनींच्या सहवासात आणि मातेच्या कडक देखरेखीखाली झाले. प्रार्थना, उपवास आणि मिस्साबलिदान हा तिच्या दिनक्रमाचा गाभा होता. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध फारसा आला नाही.

त्या काळात पोर्तुगाल एकाकी होता. स्पेनच्या दडपणामुळे रोमनेही नव्या राजाला मान्यता दिली नव्हती. परिणामी पोर्तुगालमधील आणि तिच्या वसाहतींमधील अनेक धर्मप्रांत वर्षानुवर्षे बिशपांवाचून राहिले. १६५६ साली राजा जॉन मरण पावला आणि राणी लुईझा अल्पवयीन पुत्राच्या वतीने कारभार पाहू लागली. १६५९ साली फ्रान्सने स्पेनशी तह केला आणि फ्रान्सच्या राजाचा विवाह स्पेनच्या राजकन्येशी ठरला. आता पोर्तुगालला मित्र उरला नव्हता. अशा वेळी १६६० साली इंग्लंडमध्ये दुसरा चार्ल्स सिंहासनावर परतला. त्याच्या पित्याचा १६४९ साली शिरच्छेद झाला होता आणि चार्ल्सने तारुण्याची वर्षे परदेशात निर्वासित म्हणून काढली होती. त्याला पैशांची गरज होती, पोर्तुगालला सैन्याची. कॅथरीन या दोन गरजांमधील दुवा ठरली.

विवाहाचा करार

२३ जून १६६१ रोजी करार झाला. पोर्तुगालने वीस लक्ष क्रुझादो एवढी रक्कम, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजियर आणि हिंदुस्थानातील मुंबईचे बंदर व बेट देण्याचे मान्य केले. शिवाय पोर्तुगीज वसाहतींत व्यापाराच्या सवलती दिल्या. मोबदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या रक्षणासाठी सैन्य व जहाजे पाठवायची होती. राणीला आपला कॅथलिक धर्म मोकळेपणाने आचरता येईल आणि तिच्या निवासस्थानी प्रार्थनामंदिर असेल, हेही करारात नमूद होते.

एप्रिल १६६२ मध्ये कॅथरीन लिस्बनहून निघाली आणि मे महिन्यात पोर्ट्समथला पोहोचली. २१ मे १६६२ रोजी विवाह झाला. प्रथम तिच्या खोलीत गुप्तपणे कॅथलिक विधी पार पडला आणि नंतर लंडनच्या अँग्लिकन बिशपांनी जाहीर विधी केला. विवाह साक्रामेंताच्या बाबतीत तिने तडजोड केली नाही.

आंदणाची रक्कम मात्र पूर्ण रोख नव्हती. ठरलेल्या रकमेच्या अर्ध्या भागापोटीही साखर, मसाले आणि हुंड्या आल्या. ही जबाबदारी घेऊन आलेल्या पोर्तुगीज व्यापाऱ्याला इंग्लंडमध्ये कैदेत टाकण्यात आले आणि राहिलेल्या देण्याचे बोल नववधूला ऐकावे लागले. आपल्या समाजात आजही अनेक सुनांना असे बोल ऐकावे लागतात. राजवाड्यातील सूनही त्यातून सुटली नाही.

राजवाड्यातील दुःख

चार्ल्सचे बार्बरा पामर नावाच्या स्त्रीशी उघड संबंध होते. विवाहानंतर काही आठवड्यांतच त्याने तिला राणीच्या खास परिचारिकांमध्ये नेमण्याचा आग्रह धरला. कॅथरीनने नकार दिला. भर दरबारात ती स्त्री समोर आणली गेली, तेव्हा राणीच्या नाकातून रक्त वाहू लागले आणि ती मूर्च्छित पडली. राजाने रागाने तिच्या बहुतेक पोर्तुगीज सेवकांना मायदेशी परत पाठवले. भाषा परकी, माणसे परकी, धर्म परका, अशा स्थितीत अखेर तिला माघार घ्यावी लागली. ही माघार तिच्यावर लादली गेली होती, हे आपण विसरू नये. तिच्या सोशिकपणाचे गोडवे गाताना तिच्यावर झालेला अन्याय झाकला जाऊ नये.

१६६३ साली ती तापाने मरणाच्या दारात पोहोचली. वातामध्ये तिला आपल्याला मुले झाल्याचा भास होत असे आणि ती त्यांच्याविषयी विचारपूस करीत असे. राजा तिच्या शय्येजवळ बसून तिचे समाधान करी. ती बरी झाली. पुढील वर्षांत तिला गर्भपातांचे दुःख सोसावे लागले आणि मूल झालेच नाही. राजाला मात्र इतर स्त्रियांपासून अनेक मुले झाली होती.

तरीही आपले प्रार्थनामंदिर तिने जिवंत ठेवले. प्रथम सेंट जेम्स आणि नंतर सॉमरसेट हाऊस येथील तिच्या प्रार्थनामंदिरात धर्मगुरू उघडपणे मिस्सा अर्पण करू शकत. कॅथलिकांवर कठोर कायदे लादलेल्या त्या देशात ही सोय फार थोड्या ठिकाणी होती. १६६९ साली मेरी वॉर्ड यांच्या संस्थेच्या भगिनी मुलींच्या शाळेसाठी लंडनला आल्या, त्यामागेही राणीचे प्रोत्साहन होते. चहा पिण्याची प्रथा इंग्लंडच्या उच्च वर्तुळात रुजवण्याचे श्रेयही तिला दिले जाते.

गादीचे दावेदार आणि खोटा कट

राणीला मूल नाही, मग चार्ल्सनंतर गादी कोणाची, हा प्रश्न सर्वत्र विचारला जाऊ लागला. कायद्याने वारस होता राजाचा धाकटा भाऊ जेम्स. पण तो कॅथलिक झाला होता आणि १६७३ साली ही गोष्ट उघड झाली. प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांना तो नको होता. त्यांच्यापैकी अनेकांनी चार्ल्सचा अनौरस पुत्र, मनमथचा ड्यूक जेम्स स्कॉट याला पुढे केले. चार्ल्सने त्याच्या आईशी गुपचूप विवाह केला होता, अशी अफवा पसरवण्यात आली. ती खरी असती तर कॅथरीनचा विवाहच रद्दबातल ठरला असता. राजाने १६७९ साली लेखी जाहीर केले, की कॅथरीनशिवाय अन्य कोणाशीही आपला विवाह झालेला नाही. घटस्फोट घेऊन दुसरा विवाह करावा, असा सल्ला त्याला वारंवार मिळाला. तोही त्याने मानला नाही. पत्नीशी एकनिष्ठ न राहिलेल्या या राजाने तिचे पत्नीपद मात्र शेवटपर्यंत नाकारले नाही.

याच काळात, १६७८ साली, टायटस ओट्स नावाच्या माणसाने एक भयंकर खोटे रचले. कॅथलिकांनी, विशेषतः जेझुइटांनी, राजाच्या खुनाचा कट केला आहे, असे तो सांगू लागला. देश भीतीने वेडा झाला. निरपराध धर्मगुरू आणि प्रापंचिक फासावर गेले. संत क्लॉड ला कोलोंबिएर यांना कैद भोगून देश सोडावा लागला. आयर्लंडचे आर्चबिशप संत ऑलिव्हर प्लंकेट यांना १ जुलै १६८१ रोजी लंडनमध्ये मृत्युदंड देण्यात आला. नोव्हेंबर १६७८ मध्ये ओट्सने खुद्द राणीवर आरोप केला, की आपल्या वैद्याकरवी राजाला विष देण्यास तिने संमती दिली. कनिष्ठ सभागृहाने तिला दरबारातून दूर करण्याची मागणी केली. राजाने स्वतः ओट्सची उलटतपासणी केली, त्याचे खोटे उघडे पाडले आणि राणीच्या पाठीशी उभा राहिला. जुलै १६७९ मध्ये तिचे वैद्य सर जॉर्ज वेकमन निर्दोष सुटले आणि या बनावाची पकड सैल होऊ लागली. राजद्रोहाच्या आरोपाच्या छायेत असतानाही कॅथरीनने आपले प्रार्थनामंदिर बंद केले नाही.

राजाचा अंतकाळ

फेब्रुवारी १६८५ मध्ये चार्ल्स अचानक आजारी पडला. राणी त्याच्या शय्येजवळ आली, पण दुःखावेगाने तिला तेथे थांबवेना. तिने निरोप पाठवून आपल्याकडून काही चुकले असल्यास क्षमा मागितली. हे ऐकून राजाने उलट तिचीच मनापासून क्षमा मागितली. ५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी फादर जॉन हडलस्टन या बेनेडिक्टाइन धर्मगुरूंना वेषांतर करवून मागच्या जिन्याने राजाच्या खोलीत आणण्यात आले. १६५१ साली लढाईत हरून पळणाऱ्या चार्ल्सला याच धर्मगुरूंनी लपण्यास साहाय्य केले होते आणि नंतर ते राणीच्या सेवेत होते. त्यांच्यापुढे राजाने पापनिवेदन केले, कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि पवित्र साक्रामेंत स्वीकारले. दुसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला. तेवीस वर्षे राणीने जपलेल्या घरातूनच तो धर्मगुरू आला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जेम्स राजा झाला. मनमथने त्याच वर्षी बंड करून स्वतःला राजा घोषित केले, पण तो पराभूत झाला. ज्या माणसाच्या दाव्यामुळे कॅथरीनचे पत्नीपदच संशयात सापडले होते, त्याच्याच जीवदानासाठी तिने जेम्सकडे रदबदली केली. ती निष्फळ ठरली आणि १५ जुलै १६८५ रोजी मनमथचा शिरच्छेद झाला. शत्रूवर प्रीती करा या प्रभूच्या आज्ञेचे पालन तिने असे प्रत्यक्ष कृतीतून केले.

जून १६८८ मध्ये जेम्सला पुत्र झाला आणि कॅथरीन त्या बालकाची धर्ममाता झाली. हे मूल राणीचे नसून बाहेरून आणलेले आहे, अशी अफवा विरोधकांनी उठवली. जन्माच्या वेळी उपस्थित असलेल्या कॅथरीनने मंत्रिमंडळापुढे साक्ष देऊन सत्य सांगितले. पण जनमत फिरले होते. जेम्सचा जावई विल्यम सैन्यासह आला आणि जेम्सला फ्रान्सला पळावे लागले. नव्या राजवटीत कॅथलिक राजविधवेला मोकळेपणाने राहणे कठीण झाले. १६९२ साली तिने इंग्लंड सोडले आणि जानेवारी १६९३ मध्ये, तीस वर्षांहून अधिक काळानंतर, ती लिस्बनला परतली.

मायदेशी तिचे प्रेमाने स्वागत झाले. बेंपोस्ता येथे तिने आपला वाडा व प्रार्थनामंदिर बांधले. १७०४ आणि १७०५ मध्ये तिचा भाऊ, राजा दुसरा पेद्रू, याच्या वतीने तिने राज्यकारभारही समर्थपणे पाहिला. परदेशात केवळ मुकी सोशीक राणी म्हणून ओळखली गेलेली ही स्त्री संधी मिळताच कुशल प्रशासक ठरली. ३१ डिसेंबर १७०५ रोजी तिचे देहावसान झाले.

आणि आपली मुंबई

या सर्व काळात मुंबईचे काय झाले? १६६२ साली सर अब्राहम शिपमन याच्यासह इंग्रज सैनिक मुंबईपुढे येऊन दाखल झाले; पण गोव्याच्या व्हाइसरॉयने बेट देण्यास नकार दिला. मुंबई इंग्रजांच्या हाती गेली तर हिंदुस्थानातील पोर्तुगीज सत्ता बुडेल, असे त्याचे ठाम मत होते आणि तसे त्याने आपल्या राजालाही कळवले. सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. तेथे रोगराईने शिपमनसह बहुसंख्य माणसे दगावली. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्रे कुक याने मुंबईचा ताबा घेतला. त्या वेळच्या करारात येथील रहिवाशांना कॅथलिक धर्माचे स्वातंत्र्य राहील, अशी हमी होती.

पण दिले ते नेमके काय? गिरगाव ज्यावर वसले ते मुंबई बेट करारातलेच होते. माहीमचे बेट मात्र आपण दिलेले नाही, असे पोर्तुगीजांचे म्हणणे होते. दादरचे आपले साल्वासांव चर्च ज्या भागात आहे तो तेव्हा खालचे माहीम म्हणून ओळखला जाई. कुकने माहीमही ताब्यात घेतले. परळ, वडाळा, शीव परिसरातील जेझुइटांच्या जमिनींवरूनही पुढे दीर्घ वाद झाले. परळचा जुना ख्रिस्ती मठ कालांतराने इंग्रज गव्हर्नरचे निवासस्थान झाला आणि आज तेथे हाफकिन संस्था आहे. १६६८ साली चार्ल्सने मुंबई वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. धर्मस्वातंत्र्याच्या हमीलाही मर्यादा पडल्या. १७२० साली कंपनीने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवून चर्चची जबाबदारी कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपवली. ठाणे १७३७ पर्यंत, तर वांद्रे आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळे एकाच भाषेचे, एकाच रक्ताचे ख्रिस्ती लोक माहीमच्या खाडीच्या दोन तीरांवर दोन राजांची प्रजा झाले.

या देवघेवीत येथील कोळ्यांना, कुणब्यांना, भंडाऱ्यांना किंवा ख्रिस्ती गावकऱ्यांना कोणी काही विचारले नाही. कॅथरीनलाही कोणी विचारले नव्हते. बेट आणि राजकन्या ही दोन्ही एकाच कागदावर, एकाच सहीने दिली गेली. तथापि ज्यांना दिले गेले त्यांनी आपली श्रद्धा कोणाच्या हाती दिली नाही. राजे बदलले, झेंडे बदलले, धर्मगुरूंचे संघ बदलले. खोताच्या वाडीत, माझगावात, दादर-माहीमच्या घराघरांत रोझरी आणि मराठीतील प्रार्थना चालूच राहिल्या. दूर लंडनमध्ये एक एकाकी राणीही आपल्या प्रार्थनामंदिरात गुडघे टेकत होती. तिची आणि आपल्या पूर्वजांची भेट कधी झाली नाही, तरी त्यांची निष्ठा एकच होती.

कॅथरीनला कोणी संत घोषित केलेले नाही. ती एक सामान्य मनाची, दुखावली जाणारी, कधी रुसणारी आणि पुन्हा उभी राहणारी स्त्री होती. ज्यांच्या संसारात मानहानी आहे, ज्यांच्या ओटीत मूल नाही, ज्यांच्यावर धर्मामुळे संशय घेतला जातो, अशा सर्वांना तिच्या चरित्रातून धीर मिळावा. मुंबईतील जुन्या चर्चच्या पायऱ्या चढताना या राणीच्या आत्म्यासाठी आपण एक छोटीशी प्रार्थना अवश्य करावी.